निरंक

युसूफ होडेकरला समुद्राने नेलं त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि कागदावर तो मागच्याच महिन्यात कुडाळच्या रेल्वे स्टेशनात दिसला होता.

हरिश्चंद्र पराडकरांनी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा वाचली. 'सदर इसम फलाट क्रमांक एकवर एकटाच बसलेला दिसून आला. डाव्या पायाने किंचित लंगडतो.' खाली तारीख, शिक्का आणि कुणाची तरी न लागणारी सही.

टेबलापलीकडच्या वकीलबाईंनी विचारलं, "ओळखता तुम्ही यांना?"

"ओळखत होतो," हरिश्चंद्र म्हणाले.

बाईंचं नाव रिया तेंडोलकर. वय पस्तिशीचं, बोलणं शांत. गावोगावची पोलीस ठाणी गोपनीय माहिती गोळा करून वरच्या माहिती केंद्राला पाठवतात, आणि केंद्र ती जमवून पुन्हा खाली पोलिसांना पुरवतं. या देवाणघेवाणीवर कुणाची नजर असावी म्हणून एका निवृत्त न्यायाधीशांच्या हाताखाली आढावा समिती नेमली होती, आणि रिया त्या समितीच्या वकील होत्या. कुडाळच्या सरकारी विश्रामगृहात त्यांनी पंधरवडाभर मुक्काम टाकला होता. जिल्ह्यातल्या फायली त्या एकेक करून पाहत होत्या, आणि या एका फायलीपाशी अडकल्या होत्या.

"चौसष्ट पानं आहेत," त्या म्हणाल्या. "केंद्राच्या प्रत्येक नोंदीवर लिहिलंय, स्थानिक पोलिसांकडून प्राप्त. पोलिसांच्या प्रत्येक नोंदीवर लिहिलंय, केंद्राकडून प्राप्त. दोघं एकमेकांच्या भरवशावर लिहितायत. मागे मागे जात गेलं की शेवटी एकच कागद उरतो. हा."

तो कागद हरिश्चंद्रांनी लांबूनच ओळखला. अक्षर त्यांचंच होतं. २०११ साली किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात ते गोपनीय कामाच्या टेबलावर हवालदार होते, तेव्हाचा. 'युसूफ इब्राहिम होडेकर, वय ४७, मासेमारी. परराज्यातील अनोळखी बोटींशी समुद्रात संपर्क असल्याची चर्चा. डाव्या पायाने किंचित लंगडतो.'

"ही चर्चा तुम्ही कुणाकडून ऐकली होती?" रियांनी विचारलं.

आठवत नाही, असं हरिश्चंद्रांनी सांगितलं. इतकी वर्षं झाली, म्हणाले. रियांनी ते लिहून घेतलं, पण त्यांची नजर जरा वेळ हरिश्चंद्रांच्या चेहऱ्यावर थांबली. फाइल इथेच बसून सगळी वाचा आणि आठ दिवसांनी लेखी जबाब घेऊन या, असं सांगून त्या बाहेर फोनवर बोलायला गेल्या.

हरिश्चंद्र पानं उलटत गेले. २०१४ नंतरची पानंच जास्त होती. जिवंतपणी युसूफच्या नावावर सहा नोंदी, आणि बुडाल्यानंतर पन्नासच्या वर. तो बाजारात दिसला होता. पिंगुळीच्या रस्त्याला दिसला होता. चार वेळा स्टेशनात दिसला होता. एकदा म्हणे दाढी वाढलेली होती, एकदा नव्हती. पाय मात्र प्रत्येक वेळी डावाच, आणि किंचितच. मग दोन वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यांचा हात थबकला. 'सदर इसम तारकर्ली येथील एका निवृत्त पोलीस कर्मचाऱ्याच्या घरी दिसून आला. अर्धा तास थांबला.'

तारकर्लीत निवृत्त पोलीस एकच होता.

खिडकीबाहेर कडक ऊन होतं, पंखा फिरत होता. हरिश्चंद्रांनी ती ओळ पुन्हा वाचली. क्षणभर त्यांना खरोखर आठवेना की युसूफ घरी आला होता की नाही.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले, पण बाहेरचं त्यांना काही दिसलं नाही. रियांना ते खोटं बोलले होते. चर्चा कुणाकडून ऐकली ते त्यांना नीट आठवत होतं. कुणाकडूनच ऐकली नव्हती.

त्या दिवसांत ठाण्यातून दर महिन्याला अहवाल जायचा. किनाऱ्यावर संशयास्पद काय, कोण, कुठे. काही नसेल तर रकान्यात एकच शब्द लिहायचा, 'निरंक'. हरिश्चंद्रांनी तीन महिने ओळीने निरंक लिहिलं, कारण खरोखरच काही नव्हतं. चौथ्या महिन्यात साहेबांनी कागद त्यांच्यापुढे ढकलला. एवढा मोठा किनारा, आणि तुमच्याकडे एक नाव नाही? वर मला काय तोंड दाखवायचं? पुन्हा निरंक आला तर टेबल बदलीन, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

हरिश्चंद्र कागद घेऊन बसले आणि त्यांना एकच माणूस सुचला, ज्याचं नाव, बापाचं नाव, वय, पत्ता, काहीच कुणाला विचारावं लागणार नव्हतं. युसूफ त्यांच्या वर्गात होता. त्याच्या पायात नांगराचा दोर अडकून घोटा मोडला तेव्हा हरिश्चंद्रांनीच त्याला खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. चारच दिवसांपूर्वी युसूफने ओटीवर बसून हसत हसत सांगितलं होतं की गुजरातच्या एका ट्रॉलरवरचं पाणी संपलं होतं, त्यांना दोन कॅन दिले, बिचारे हात जोडत होते. त्या दोन कॅनचा हरिश्चंद्रांनी 'संपर्क' केला. असले शेकडो कागद कुठल्या तरी कपाटात कुजतात, हे त्यांना ठाऊक होतं. चार ओळींनी कुणाचं काय बिघडतं?

तीन वर्षांनी ऑगस्टात युसूफ एकटाच होडी घेऊन गेला. होडी देवबागच्या बाजूला उलटी सापडली. आठ दिवस शोध झाला. पंचनामा हरिश्चंद्रांनीच केला. प्रेत मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विनीतला भेटले. विनीत आता त्याच टेबलावर होता. निवृत्त होताना हरिश्चंद्रांनी स्वतः त्याला काम शिकवलं होतं. मालवणच्या बंदराजवळच्या चहाच्या टपरीमागे दोघं बसले, आणि हरिश्चंद्रांनी तारकर्लीच्या नोंदीबद्दल सरळ विचारलं.

विनीतने नाकारलं नाही. त्या दिवशी हरिश्चंद्रांच्या घरी आला होता तो युसूफचा मुलगा आदिल. जहाजावरच्या नोकरीसाठी त्याला कागद हवे होते आणि पोलीस पडताळणीत ते तिसऱ्यांदा अडकले होते. निवृत्त पोलीस काका काही करतील म्हणून तो आला होता. हरिश्चंद्रांनी त्याला चहा पाजला, बघतो म्हणाले, आणि काही केलं नाही.

"आदिल होतो ता माका ठावक होता," विनीत म्हणाला. "पण आदिलचा नाव घातला असता तर त्या पोराची नवी फाइल उघडली असती. म्हणान बापाशीचा घातलंय. मेलेल्या माणसाचा काय वायट होवचा आसा, काका?"

"आणि कायच घातला नसता तर?"

विनीतने ग्लास खाली ठेवला. "निरंक कधी पाठवू नको, म्हणान तुम्हीच शिकवलात माका."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. विनीत पुढे म्हणाला की कुडाळच्या बाजूचेही तसंच करत असतील. कुणाला नवं नाव घालून एखाद्या जिवंत माणसाचं वाटोळं करायचं नसतं. एक मेलेला माणूस सगळ्यांना पुरून उरत होता.

त्यानंतरचे दिवस हरिश्चंद्रांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. भर दुपारी माडांच्या सावलीत खुर्ची टाकून बसले की पाठीमागच्या वाटेवर वाळू घासल्यासारखी वाजायची. एक पाऊल सरळ, एक ओढलेलं. वळून पाहिलं की वाटेवर कुणी नसायचं, नाहीतर एखादा पर्यटक चपला हातात घेऊन जात असायचा. बायकोने, यशोदेने, दोनदा विचारलं की काय बघता सारखे मागे. त्यांनी सांगितलं नाही. त्यांना पहिल्यांदाच भीती वाटत होती ती युसूफ दिसेल याची नव्हती. तो दिसला तर आपल्याला बरं वाटेल, फाइल खरी ठरेल, याची होती.

आठव्या दिवशी ते लेखी जबाब न लिहिताच कुडाळला निघाले. वेळेच्या दोन तास आधी पोचले. विश्रामगृहाकडे न वळता ते रिक्षाने स्टेशनात गेले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. फलाट क्रमांक एक दिसला, तो बाक दिसला, आणि बाकावर बसलेलं माणूसही दिसलं.

ती युसूफची बायको जहिरा होती. पायाशी सुक्या मासळीची रिकामी टोपली. कुडाळचा आठवडी बाजार होता त्या दिवशी. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती रुळांकडे बघत बसली होती. हरिश्चंद्रांना पाहून तिला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

"बसा, हरीभाऊ," ती म्हणाली, आणि टोपली जरा बाजूला सरकवली.

मग तिने आपणहूनच सांगितलं. दर दोन-तीन महिन्यांनी पोलीस घरी यायचे आणि युसूफ कुठे आहे म्हणून विचारायचे. सुरुवातीला ती रडायची, बुडाला म्हणून सांगायची. मग सहा वर्षांमागे एका नव्या पोलिसाने तिला दटावलं, की खोटं बोलू नका, तुमचा नवरा कुडाळ स्टेशनात दिसलाय, आमच्याकडे नोंद आहे. त्याच्या पुढच्या बाजारापासून ती इथे यायला लागली. मासळी लवकर विकायची आणि दोन गाड्या जाईपर्यंत बसायचं. आदिलला सांगितलं नव्हतं. लोकांनी बापाचा मृत्यूचा दाखला काढ म्हणून सांगितलं तेव्हा तिनेच त्याला अडवलं होतं. जित्या माणसाचा दाखला काढू नये, म्हणाली होती.

"माका गावलो नाय तरी चलात," जहिरा म्हणाली. "कायतरी राग धरून गेलो आसतलो. पण पोलिसांच्या कागदात आसा म्हणजे खोटा कसा आसतला?"

हरिश्चंद्रांना तिथून उठून जाता आलं असतं. विश्रामगृहात जाऊन वकीलबाईंना खरं सांगितलं असतं तरी काम भागलं असतं, आणि ही बाई दर बाजाराला इथे येत राहिली असती, थोडीशी सुखी.

"वयनी," ते म्हणाले, "तेका कोणी बघूक नाय. एकदाय नाय. तो पयलो कागद मी लिवलंय. नाव व्हया होता, म्हणान युसूफचा नाव घातलंय. बाकीच्यांनी माझाच बघून उतरवून घेतल्यानी."

जहिराने टोपली जवळ ओढली. मग हळू आवाजात तिने एकच गोष्ट विचारली.

"पण तेंका पायाचा कसा ठावक? ते सांगत, लंगडत होतो म्हणान."

"पायाचाय मीच लिवलंय. तेवाच. तो जितो होतो तेवा."

गाडी आली. दारं उघडली, माणसं उतरली. बॅगा, पोरं, खोकी घेऊन बाहेरच्या बाजूला निघाली. जहिराची नजर सवयीने पहिल्या माणसावर गेली, दुसऱ्यावर गेली, तिसऱ्यावर गेली. मग मध्येच कुठेतरी तिने मान खाली घातली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. गाडी सुटून फलाट रिकामा झाला तरी ती तशीच होती.

"मगे इतकी वर्षां मी हयसर कोणाक बघूक येय होतंय?"

ती उठली. हरिश्चंद्रांनी टोपली उचलायला हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "हात लावू नका." ओरडून नाही, कुणाला तरी वाट विचारावी इतक्या साध्या आवाजात. टोपली काखेत घेऊन ती जिन्याकडे गेली. मागे पाहिलं नाही.

त्याच दुपारी रियांपुढे हरिश्चंद्रांनी सगळं सांगितलं. पाण्याचे दोन कॅन, साहेबांचं बोलणं, तीन निरंक, आदिलची भेट. विनीतचं नाव तेवढं घेतलं नाही. ती नोंद कुणी केली असेल ते मला ठाऊक आहे, पण त्याला मीच शिकवलं, तेव्हा जबाबदारी माझ्या नावावर लिहा, म्हणाले. रियांनी सांगितलं की जबाबदारी अशी दुसऱ्याच्या नावावर लिहिता येत नाही. सहीवरून ते निघेलच. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्यावर कारवाई होऊ शकते, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"होऊ दे. पण हे पुसलं जाईल ना?"

रियांनी खोटा धीर दिला नाही. पहिली नोंदच निराधार ठरली की तिच्यावर उभ्या राहिलेल्या सगळ्या नोंदी रद्द करा, असं समिती केंद्राला सांगू शकत होती. ठाण्यालाही सांगू शकत होती. पण एव्हाना ती फाइल आणखी पाच ठिकाणी गेली होती, आणि त्या पाचांवर समितीचा अधिकार चालत नव्हता. "आम्ही कळवू," त्या म्हणाल्या. "ते काय करतात ते आम्हाला बघता येत नाही. त्यांची दारं आमच्यासाठी उघडत नाहीत."

आदिलच्या पडताळणीचं पत्र मात्र त्यांनी त्याच दिवशी लिहायला घेतलं.

पुढच्या गोष्टी हळूहळू झाल्या. ठाण्याने नोंद रद्द केल्याचं कळवलं. विनीतची त्या टेबलावरून बदली झाली. त्याने फोन केला नाही आणि हरिश्चंद्रांनीही केला नाही. हरिश्चंद्रांना एक नोटीस आली, तिचं उत्तर त्यांनी दोन ओळींत दिलं. दोन महिन्यांनी आदिल तारकर्लीला आला. त्याचे कागद सुटले होते. तो ओटीवर चढला नाही, अंगणातच उभा राहिला. यशोदेने पाणी आणलं ते त्याने उभ्याउभ्याच घेतलं आणि तांब्या परत दिला.

लहानपणापासून हा मुलगा त्यांना काका म्हणत आला होता, मालवणीत वाद घालत आला होता. आज तो ऑफिसात बोलावं तसं बोलला.

"पराडकरसाहेब, आईने निरोप दिलाय. शुक्रवारी मशिदीत अब्बांच्या जनाज्याची नमाज झाली. मय्यत समोर नसली तरी आमच्यात करता येते. आई त्या दिवसापासून विधवेच्या इद्दतीत आहे. चार महिने दहा दिवस ती घराबाहेर येणार नाही, परपुरुषासमोरही येणार नाही. मौलवी म्हणाले, इतक्या वर्षांनी बसलं नाही तरी चालेल. तिने ऐकलं नाही."

हरिश्चंद्रांनी मान डोलावली. आदिल जायला वळला आणि थांबला.

"ती आता रोज रडते," तो म्हणाला. "अकरा वर्षांत मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत की वाईट, मला अजून कळत नाही."

त्या चार महिन्यांत हरिश्चंद्र मालवणात गेले की बंदराकडची वाट टाळायचे. एकदाच चुकून गेले. होडेकरांच्या घराच्या खिडक्या लावलेल्या होत्या, दारात मुलाच्या चपला होत्या. आतून कुराण वाचल्याचा बारीक आवाज येत होता. ते न थांबता पुढे गेले.

आणि याच दिवसांत एका सकाळी एक तरुण पोलीस त्यांच्या अंगणात येऊन उभा राहिला. दुसऱ्याच ठाण्याचा होता. हातात कागद होता. वर लिहिलेलं कार्यालयाचं नाव हरिश्चंद्रांनी कधी ऐकलंही नव्हतं. युसूफ इब्राहिम होडेकर नावाचा इसम तुमच्याकडे येतो-जातो का, त्याने विचारलं. हरिश्चंद्रांनी त्याला बसवलं, समितीच्या पत्राची प्रत दाखवली, समजावून सांगितलं. पोराने सगळं नीट ऐकून घेतलं. जाताना त्याने नकळत एकदा घराच्या मागच्या बाजूला, माडांकडे पाहिलं. तो गेल्यावर हरिश्चंद्रही बराच वेळ तिकडेच बघत उभे होते.

इद्दत संपल्यावर जहिराने कोर्टात अर्ज केला. नवरा मेल्याचं कोर्टाने जाहीर करावं, म्हणजे दाखला काढता येईल. होडी सापडली तेव्हाचा पंचनामा हरिश्चंद्रांचा होता, म्हणून साक्षीला त्यांना बोलावलं. निरोप वकिलाकडून आला, घरून नाही.

कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात एका बाकावर जहिरा आणि आदिल बसले होते, समोरच्या बाकावर हरिश्चंद्र. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. ती वाळली होती, पण कुणाची वाट बघितल्यासारखी इकडेतिकडे बघत नव्हती. हरिश्चंद्रांना जाणवलं की इतकी वर्षं तिच्या डोळ्यांत काहीतरी सतत हलत असायचं, ते आता हलत नव्हतं. ते त्यांनी घालवलं होतं.

आत पुकारा झाला. ते पिंजऱ्यात उभे राहिले, खरं सांगेन म्हणाले. होडी कुठे मिळाली, कशी मिळाली, शोध किती दिवस झाला, हे सगळं त्यांनी तारखेसह सांगितलं. त्यानंतर तो माणूस जिवंत असल्याचा काही पुरावा तुमच्या माहितीत आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही," हरिश्चंद्र म्हणाले. "काही नाही."

"मयताशी तुमचं नातं?"

टंकलेखक थांबून वाट बघत होता. हरिश्चंद्रांनी मागे, मायलेक आत येऊन बसले होते त्या बाकाकडे पाहिलं. जहिरा खाली बघत होती.

"आम्ही एका वर्गात होतो," ते म्हणाले.

तेवढं लिहून घेतलं गेलं. सही करून ते बाहेर आले तेव्हा व्हरांड्यातला बाक रिकामा होता. फाटकाबाहेर आदिल आईला रिक्षात बसवत होता. रिक्षा बंदराच्या रस्त्याला लागली आणि हरिश्चंद्र उन्हात उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.